राखलेल्या ओळी

जोतीराम हुशार माणूस. तसं तो स्वतःच सांगायचा, त्यामुळं कुरुंदवाडात कुणाला वेगळं म्हणायची सोयच उरली नव्हती. त्या साली त्याचा घेवडा एकसारखा पिकला नाही. खालच्या शेंगा वाळून तडकायला लागल्या, वरच्या अजून हिरव्यागार. आभाळ रोज भरून यायचं, आणि उसाच्या लावणीसाठी रान लवकर मोकळं हवं होतं.

शाहूपुरीतल्या एका दुकानदारानं औषध दिलं. तणावर मारायचंच, पण पिकावर फवारलं की पानं, दांडे, शेंगा, सगळं एकदम वाळतं. देताना तो म्हणाला, "पावणं, ध्यानात ठेवा. ह्याचा पाला जनावराला घालायचा न्हाय."

"आन् घेवडा? माणसानं खाल्ला तर?"

"त्यो बाजारात जातोय की," असं म्हणून दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

जोतीरामानं यातून जे घ्यायचं ते घेतलं. बांधाकडच्या चार ओळी घरच्यासाठी राखल्या आणि बाकीच्या रानावर पंप मारला. आठवड्याच्या आत रान तपकिरी पडलं आणि कडेला त्या ओळी तेवढ्या हिरव्या उभ्या राहिल्या.

"ह्याच का सोडल्यासा?" त्याच्या बायकोनं, बायडाबाईनं विचारलं.

"औषध संपलं," तो म्हणाला.

मळणी झाली, घेवडा बाजारात गेला. खळ्यावर राहिलं भुसकाट. बैलांपुढं त्यानं त्यातली काडीही टाकली नाही. पेटवून द्यायचं त्याच्या मनात होतं. पण त्याआधीच शेजारची रशिदा बारदानं घेऊन हजर झाली. तिचा नवरा बाबालाल गवंडीकामाला गावोगाव फिरायचा. रान नाही, एक गाभण म्हैस, तिच्यावरच घराची भिस्त. जोतीरामाच्या घेवड्याचं भुसकाट रशिदाच्या म्हशीला, हे तिच्या सासूच्या काळापासून ठरलेलं होतं. आता नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं तर दिवस मावळायच्या आत ते घेवड्याच्या व्यापाऱ्यापर्यंत जाणार.

"औंदा लई वाळकं हाय गं," तो एवढंच म्हणाला.

"वाळकंच बरं, आण्णा. कुजत न्हाय," असं हसत म्हणून रशिदानं बारदानं ठासून भरली.

त्या दिवसापासून जोतीराम परड्याच्या भिंतीवरून तिच्या म्हशीकडं बघायला लागला. म्हैस रवंथ करताना दिसली की त्याला बरं वाटायचं. तिचं शेण पातळ दिसलं की त्याला घास उतरायचा नाही. सांगून टाकावं, असं रोज वाटायचं, आणि रोज तो तोंड मिटून घरात जायचा. भित्रा कुठला!

पुढं म्हैस व्याली, रेडकू धडधाकट निघालं. जोतीरामानं जोतिबाला नारळ फोडला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी तो रानातनं आला तेव्हा रशिदा सोप्यात बसली होती. भुसकाट तिकडं, तर म्हशीचा चीक इकडं, हीही सासूच्याच काळापासूनची रीत. आमचा हुशार माणूस नेमकी तीच विसरला होता. बायडाबाईनं गूळ-वेलदोडा घालून खरवस केला होता आणि दोन वर्षांची नात छबी ताटली पुढ्यात ओढत होती.

जोतीरामानं धावत येऊन ताटली उडवली. खरवस भुईवर पसरला. पोरीनं भोकाड पसरलं.

रशिदाचा चेहरा पांढराफटक पडला. "आमच्या घरचं म्हणून व्हय, आण्णा?" ती हळूच म्हणाली.

इतक्या वर्षांत हा शब्द दोन घरांमध्ये कधी आला नव्हता. तो जोतीरामाला सोसवेना.

"न्हाय गं, तसं न्हाय! घेवड्यावर औषध मारलंतं. त्याचं भुसकाट जनावराला घालायचं न्हवतं."

"म्हणून राखल्यासा व्हय त्या ओळी?" बायडाबाई म्हणाली.

रशिदा उठली. "आमचा इकबाल सकाळधरनं खरवस खात बसलाय," ती म्हणाली. "नातीची ताटली तुमी उडवलीसा, आण्णा. माझ्या पोराची कोण उडवणार हुतं?"

आणि चपला तिथंच टाकून ती घराकडं पळाली. बायडाबाईनं रडती छबी जोतीरामाच्या अंगावर दिली आणि तिच्यामागं धावली. नवऱ्याकडं तिनं वळूनही बघितलं नाही.