बोट घसरलं नव्हतं

“ती चूक होती हो,” लेखक माइकमध्ये म्हणाले, “टायपिस्टची!” आणि सभागृह खळखळून हसलं.

चौथ्या रांगेत बसलेली टायपिस्ट तेवढी हसली नाही. तिला घरी, गल्लीत आणि बँकेतही आत्याच म्हणत. वय वर्षं बहात्तर. शेजारी बसलेली भाची मात्र मनापासून हसली, कारण आत्या पूर्वी ‘टीव्हीत होती’ यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. टीव्हीत म्हणजे दूरदर्शन केंद्राच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, हे आत्यानेही कधी सांगितलं नव्हतं.

चाळीस वर्षांपूर्वीची ती तेरा भागांची अंतराळमालिका. आज तिच्या संहितांचं पुस्तक निघत होतं. मालिकेतलं जहाज प्लायवुडचं होतं, वर चंदेरी रंग, आणि भिंतीवरची बटणं म्हणजे औषधाच्या बाटल्यांची बुचं. कप्तान जोरात वळला की अंतराळ हलायचं. तरी लोक गुरुवारी जेवणं लवकर उरकून बसायचे, ते लिखाणासाठी. इतरांच्या संहिताही आत्याच टाइप करी. त्यांत माणसं एकमेकांना सांगत, “तुला तर ठाऊकच आहे, मी तुझा सख्खा थोरला भाऊ.” हे लेखक तसलं काही करत नसत. विश्व किती अफाट आहे हे सांगायला त्यांना आकडे लागत नसत. त्यांचा जहाजावरचा स्वयंपाकी भांडी विसळता विसळता एवढंच विचारी, “आज घरी कोणता वार असेल?” आणि कुणीच उत्तर देत नसे. ते न दिलेलं उत्तर टाइप केल्यावर उठून पाणी प्यायल्याचं आत्याला अजून आठवत होतं.

जहाजावर एक बोलकं यंत्र होतं. स्वतःला आणि आपल्या जातीच्या तमाम यंत्रांना मिळून ते ‘आम्ही’ म्हणे. “आम्ही थकत नाही. आम्ही विसरत नाही.” तेराव्या भागात जहाज बंद पडतं. परतीची आशा नाही. कप्तान विचारतो, “आता?” आणि यंत्र म्हणतं, “आपण वाट पाहू.” मालिका संपली. पुढचा महिनाभर केंद्रावर पोत्यांनी पत्रं येत होती. आजसुद्धा प्राध्यापिकाबाई त्या एका ‘आपण’वर वीस मिनिटं बोलल्या होत्या, आणि शेवटी त्यांनी विचारलं होतं, हा शब्द सुचला कसा? त्यावर लेखकांनी खरं ते सांगून टाकलं.

“मी लिहिलं होतं, ‘आम्ही वाट पाहू’,” लेखक पुढे सांगत होते. वय चौऱ्याऐंशी, आवाज खणखणीत. “म्हणजे माणसं मरणार, यंत्रं उरणार. भयंकर शेवट होता! बाईंचं बोट घसरलं. चित्रीकरणाला जाऊन पाहतो तर नटाचं पाठ झालेलं, आणि स्टुडिओ सहाला सोडायचा. म्हटलं, जाऊ दे. बाईंना चांगला झापणार होतो, पण तेवढ्यात पत्रं आली. झापायचं राहूनच गेलं.” पुन्हा हशा. “पुस्तकात मात्र मूळचं केलंय.”

आत्याने मांडीवरच्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. ‘आम्ही वाट पाहू.’ छपाई अगदी स्वच्छ होती.

चौतीस वर्षांच्या नोकरीत तिने लाखभर पानं टाइप केली असतील. त्यांतला एक शब्द तिचा होता. तो गेला, आणि जाताना चूक म्हणून गेला. इतकी वर्षं ती कुणालाही न सांगता एका शब्दाची लेखिका होती. आता भरसभेत नुसतं घसरलेलं बोट झाली होती. बरं, ‘आम्ही’ टाइप करायला जाऊन ‘आपण’ उमटायला बोट घसरावं तरी केवढं?

तो शब्द कुठून आला हे तिला पक्कं माहीत होतं. लग्न न झालेली बहीण भावाच्या घरी राहते, तेव्हा दिवसाकाठी पाच-सहा ‘आम्ही’ तिच्या कानावर पडतात. “वन्सं, आम्ही जरा जाऊन येतो, दुधाकडे बघा.” वहिनी काही वाईट नव्हती. व्याकरणही बरोबर होतं. पण तेरावा भाग टाइप करताना आत्या त्या शेवटच्या ‘आम्ही’पाशी आली, आणि तिला दिसलं, की आता जहाजावरचे हे पाच जीव त्या अंधारात दुधाकडे बघत बसणार. तिने कागद सरळ केला आणि ‘आपण’ टाइप केलं. चार कार्बनप्रतींसकट.

“कुणाला काही विचारायचंय?” संयोजकांनी पुकारलं.

आत्या उठली.

“अगं, बाथरूम मागच्या बाजूला आहे,” भाची कुजबुजली.

माइक आला. टीव्हीत नोकरी होऊनही तो कसा धरतात हे आत्याला माहीत नव्हतं. “बोट घसरलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी मुद्दाम केलं.”

लेखकांनी चष्मा वर सरकवला. “कोण आपण?”

“टायपिस्ट.”

सगळ्या माना चौथ्या रांगेकडे वळल्या.

“तुम्ही माझा शब्द बदललात?”

“हो.”

“मला न विचारता?”

“तुम्ही कॅन्टीनमध्ये होतात. आणि चार वाजता शिपाई प्रती न्यायला येणार होता.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. लेखक हसले नाहीत. “पण का?”

दुधाचं वगैरे आत्याला सांगायचं नव्हतं. “तेरा आठवडे राहिलं की ते यंत्र त्यांच्यासोबत,” ती म्हणाली. “मग शेवटी त्यांनाच वगळून कसं बोलेल?”

चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस व्यासपीठावर गप्प झाला की संयोजक घाबरतात. एकाने पाण्याचा ग्लास पुढे केला. लेखकांनी तो बाजूला सारला.

“हे मला सुचायला हवं होतं,” ते म्हणाले. तोंड माइकपासून लांब होतं, त्यामुळे पहिल्या चार रांगांनाच ऐकू आलं. चौथी धरून.

नंतर सह्यांसाठी रांग लागली. आत्याची पाळी आली तेव्हा लेखकांनी पहिलं पान सोडून शेवटचं उघडलं, ‘आम्ही’वर काट मारली आणि पेन तिच्यापुढे धरलं.

“तुम्हीच लिहा. माझा हात कापतो. शिवाय तुमचं अक्षर मी कधी पाहिलेलंच नाही.”

आत्याने समासात शब्द लिहिला. अक्षर बेताचंच होतं. टाइपरायटरने बिघडवलेलं.

“पाचशे प्रती छापल्यात हो,” लेखक खजील होऊन म्हणाले.

“एक तरी बरोबर झाली,” आत्या म्हणाली.

बाहेर टळटळीत दुपार होती. “इतकी वर्षं बोलली नाहीस तू!” पायऱ्यांपाशी भाची म्हणाली.

“तुम्ही विचारलंत कुठे?”

तेवढ्यात भाचीचा फोन वाजला. घरून वहिनीचा होता. “हो गं आई, संपलं. नाही, आम्ही बाहेरच जेवतो, तू घे जेवून... आम्ही म्हणजे कोण काय? मी आणि आत्या!”

शाई अजून ओली होती, पुस्तक मिटता येत नव्हतं. ते दोन्ही हातांवर उघडं धरून, भरलेलं दुधाचं पातेलं न्यावं तशी, ती एकेक पायरी उतरू लागली.