झाडही नाही, जनावरही नाही

चुकीचं विधान ऐकून गप्प बसणं मला जमत नाही. एकतीस वर्षं सुरतेच्या मराठी शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्याचा हा परिणाम. लोक याला खोड म्हणतात. म्हणोत बापडे.

आमची सून स्वप्ना नवसारीला जाऊन आठ दिवस मशरूमची शेती शिकून आली. डिंडोलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, टाकीखाली एक काळोखी खोली रिकामी पडली होती. तिथे तिने चौदा पिशव्या टांगल्या. आत भिजवलेला पेंढा आणि मशरूमचं बी. खरं तर त्याला बी म्हणू नये, पण ते राहू दे. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यात स्वतःचं असं तिने पहिल्यांदाच काही उभं केलं होतं. रोज वर जाऊन पाणी फवारायची आणि जिना उतरताना गुणगुणायची. तिला गुणगुणता येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

वर पाणी जातंय हे अगाशीखाली राहणाऱ्या छगनभाईंनी पाहिलं. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी गुलाबाच्या कुंड्यांमुळे त्यांचं छत गळलं होतं, तेव्हापासून सोसायटीत अकरावा नियम आहे: अगाशीवर झाडं लावायची नाहीत. सेक्रेटरी भूपेंद्रभाईंनी नोटीस चिकटवली. रविवारी सकाळी मीटिंग. पिशव्या राहणार की कचऱ्यात जाणार, ते तिथे ठरणार.

आदल्या दिवशी स्वप्नाने माझ्यासमोर शेवेच्या भाजीची वाटी ठेवली, वर जास्तीची तर्री. म्हणाली, नाना, उद्या फक्त दोन वाक्यं बोलायची. हे झाड नाही. याला मुळं नाहीत. आणि खाली बसायचं. मी शब्द दिला. भाजी उत्तम झाली होती.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मी उभा राहिलो, दोन वाक्यं बोललो आणि बसलो. मास्तर सांगतायत म्हटल्यावर भूपेंद्रभाईंनी मान डोलावली, नियमांची वही मिटली. स्वप्नाने माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की मलाच कसंतरी झालं. प्रकरण संपलं होतं.

तेवढ्यात छगनभाईंनी अगदी साध्या मनाने विचारलं, "तो साहेब, आ छे शुं?"

मग हे आहे तरी काय. निवृत्त झाल्यापासून मला एवढा नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी पुन्हा उभा राहिलो. स्वप्नाने माझा शर्ट मागून ओढला, तो मी सोडवून घेतला.

झाडात हरितद्रव्य असतं, मी सांगितलं, त्यामुळे झाड उन्हात उभं राहून आपलं अन्न आपण तयार करतं. बुरशीत आणि मशरूममध्ये ते नसतं. ते तयार अन्नावर जगतात. पेंढ्यावर पाचकरस सोडायचा, पेंढा बाहेरच पचवायचा आणि मग शोषून घ्यायचा. त्यांच्या पेशींची भिंतसुद्धा झाडासारखी नसते. कोळंबीचं कवच ज्या द्रव्याचं असतं, तेच द्रव्य हिच्यात. नात्यानं बघाल तर मशरूम भेंडीपेक्षा आपल्याला जास्त जवळचं.

कोळंबी हा शब्द मी टाळायला हवा होता. छगनभाई जन्माचे शाकाहारी. त्यांचा हात हळूहळू तोंडाकडे गेला. "में तो एनां भजियां खाधां छे," ते म्हणाले. गेल्याच आठवड्यात स्वप्नाने पाठवलेली भजी त्यांनी दोनदा मागून खाल्ली होती.

भूपेंद्रभाईंनी वही परत उघडली. झाड नाही म्हणजे जनावर, आणि बारावा नियम जनावर पाळू देत नाही. मी घाईघाईने सांगितलं की हे जनावरही नाही, याची सृष्टीच तिसरी. ते म्हणाले की वहीत तिसरी नाही. शिवाय आम्ही याला बिलाडीनो टोप, मांजरीची टोपी म्हणतो, तुम्ही कुत्र्याची छत्री म्हणता. दोन्ही भाषांत जनावर नावातच आहे, मास्तर. मी खाली बसलो.

मग स्वप्ना उठली. रडेल असं वाटलं होतं, पण ती भूपेंद्रभाईंशी बोलली आणि बघत राहिली माझ्याकडे.

"जे दुसऱ्याच्या घरात राहतं, स्वतःचं अन्न स्वतः करत नाही, आयतं खाऊन तिथेच पसरतं, त्याला तुमच्या वहीत काय म्हणतात?"

भूपेंद्रभाईंनी पानं उलटली. पंधराव्या नियमाशी थांबले. "ए तो भाडुआत," ते म्हणाले.

भाडेकरू ठेवायला सोसायटीची ना नाही, फक्त फॉर्म भरावा लागतो. तिथल्या तिथे भरला. नाव ढिंगरी, ही त्या मशरूमची जात. मूळ गाव नवसारी. व्यक्ती चौदा. शाकाहारी की मांसाहारी या रकान्याशी भूपेंद्रभाईंनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, तशी स्वप्नाची चप्पल माझ्या अंगठ्यावर आली. त्यांनी शाकाहारी लिहिलं आणि छगनभाईंनी श्वास सोडला.

एकच अट होती. भाडेकरू अगाशीवर ठेवता येत नाही, मालकाच्या घरातच ठेवावा लागतो. आमच्या हॉलमध्ये ऊन येतं, स्वयंपाकघरात धूर. काळोखी, दमट आणि वर्षानुवर्षं कुणी न हलवलेली खोली घरात एकच आहे, माझी. बारा वाजेपर्यंत माझ्या मुलाने, हितेशने, तिथे दोरी बांधली, पिशव्या टांगल्या आणि माझी खाट गॅलरीत नेली.

एक वाजला तरी स्वयंपाकघरातून आवाज नाही. मी दारातून डोकावलो. स्वप्ना ओट्याला टेकून फोन बघत होती. रागावली की ती घरची अहिराणी बोलते.

"नाना, आज सयपाक नई शे. गॅलरीमा ऊन शे. आंगमा काही हिरवं व्हई, ते रांधी ल्या."

अंगात हिरवं काही असेल, तर उन्हात आपलं आपण रांधून घ्या. विधानात चूक नव्हती. माझ्या खोलीत जाऊन उभा राहिलो. चौदा पिशव्या आणि मी, कुणीतरी पाणी घालेल याची वाट बघणारे आम्ही पंधरा जण. तिची गुणगुण मीच बंद केली होती, आणि मला लाज वाटली.

फवारा घेऊन मी सगळ्या पिशव्यांवर पाणी मारलं. मग स्वयंपाकघरात गेलो आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "चहापत्ती कुठे असते?"

तिने फोनवरून नजर काढली नाही.

"हिरव्या डब्यात," ती म्हणाली.