वयाची सूट

गोंडूजी, गोंडूजींचे सीताराम, सीतारामांचे भैय्याजी. आणि भैय्याजींची थोरली लेक देवका. तिन्ही पिढ्या खंजिरीवर भजन म्हणत गेल्या. चौथ्या पिढीत खंजिरी बाईच्या हाती आली, तेव्हा नाक मुरडण्याची छाती नालवाडीत कोणाची झाली नाही, कारण ती बाई देवकाबाई होती.

महिला भजन मंडळातली पुढची जागा मात्र तिला माहेराकडून मिळालेली नव्हती. ती दिली आनंदाबाईने, मंडळ उभे करणाऱ्या बाईने. अंथरुणाला खिळल्यावर साऱ्या बायांदेखत तिने आपली खंजिरी देवकाबाईच्या ओटीत ठेवली आणि म्हटले, "माह्या गुलाबचे लेकरं लहान आहेत, म्हून तुले देतो. पुढं तिच्या हाती पुरी वापस करजो. जागा, खंजिरी अन् माह्या चाली, सारं."

गुलाब ही आनंदाबाईची लेक; तिची लेकरे मोठी झाली, नोकरीला लागली, त्यांची लग्ने झाली. गुलाबने कधी मागितले नाही आणि देवकाबाईने दिले नाही. जागा सोडायला कारण तर हवे! आवाज खणखणीत होता, शब्द मुखोद्गत होते.

मग जाम गावची भजन स्पर्धा झाली. भरमांडवात, एका नेहमीच्या भजनात, अंतऱ्याच्या तोंडाशी, देवकाबाईची ओळ हरवली. हात तेवढा ठेका धरून राहिला. तेवढ्यात मागच्या रांगेतून गुलाबने ती ओळ अलगद उचलली, जणू तसेच ठरले होते. बक्षीस मिळाले. परतताना गाडीत साऱ्या बाया गुलाबचे कौतुक करीत होत्या आणि देवकाबाई खिडकीबाहेर बघत होती. चूक झाली याचे तिला एवढे वाटले नाही. गुलाबने ती इतक्या सहज झाकली, हे तिला जाळत राहिले.

तिची नात अंकिता नागपूरला मानसशास्त्र शिकत होती. प्रौढांची बुद्धी मोजण्याची परीक्षा कशी घ्यावी, याचा सराव तिला करायचा होता आणि त्यासाठी निरनिराळ्या वयाची माणसे हवी होती. देवकाबाई स्वतः बसायला तयार झाली, आणि अगदी सहज सुचल्यासारखे म्हणाली, "त्या गुलाबले पन बसवजो."

"निकाल कोणालाच सांगणार नाही हं, आजी. मी अजून शिकतेय. आणि एकीचा दुसरीला तर कधीच सांगत नसतात."

"मले काय करायचा तुया निकाल?" देवकाबाई म्हणाली. अंकिताची समजूत पटली. आजीला चांगली ओळखणाऱ्या माणसाची पटली नसती.

देवकाबाईची परीक्षा सकाळी झाली. शब्दांचे अर्थ सांगायचे, दोन वस्तूंत सारखे काय ते सांगायचे, जगाची माहिती सांगायची. तिथे तिने असे काही झोडपले की लिहिता लिहिता अंकिताचा हात दुखला. लाल-पांढरे ठोकळे जुळवून चित्रातली नक्षी करायची होती. तिथे बोटे जड पडली. पुढे आकडे आले. अंकिता एका ठेक्याला एक आकडा म्हणे आणि आजीने ते उलट क्रमाने सांगायचे. आकड्यांच्या दर दोन ओळींनंतर एक आकडा वाढे. एका लांबीच्या दोन्ही ओळी चुकल्या की तो भाग थांबायचा, हे देवकाबाईने आपल्यावरूनच ताडले. अंकिताने गोड आवाजात "छान, आता पुढचं" म्हटले आणि देवकाबाईला कळले की आपले आकडे संपले.

दुपारी गुलाब आली. "मावशी, मले तं भेव लागून राह्यलं व! शाळा सोडल्यापासून कोनी परीक्षाच नाई घेतली माही."

"भेवाचं काय त्यात? येते तेवढं सांगजो," देवकाबाई म्हणाली, आणि तुरीच्या शेंगा सोलायच्या निमित्ताने दाराच्या अलीकडे जाऊन बसली. शब्द नीट ऐकू येत नव्हते, पण तिला शब्द नकोच होते. जन्मभर ठेका मोजलेल्या बाईला किती वेळ चालले एवढे पुरेसे होते. शब्दार्थांचा भाग आपल्यापेक्षा लवकर आटोपला तेव्हा तिने समाधानाने एक शेंग सोलली. मग ठोकळ्यांची टकटक सुरू झाली आणि ती थांबेचना. मग आकडे. देवकाबाईची ओळ जिथे तुटली होती तिथे गुलाबची पोहोचली, एक आकडा पुढे गेली, आणखी एक आकडा पुढे गेली. देवकाबाईच्या मुठीत शेंगा तशाच चुरगळल्या.

गुलाब चहा पिऊन, हसत हसत घरी गेली. देवकाबाईने नातीला समोर बसवले.

"गुलाब माह्या पुढं गेली."

अंकिता दचकली. "आजी! दाराशी बसली होतीस?"

"घर माह्यं आहे. मी कुठंई बसन. बोल, गेली का नाई?"

"तिच्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण परीक्षेची रीत सांगते, ती ऐक. तू किती बरोबर सांगितलंस ते नुसते कच्चे गुण. ते तसेच कोणी वापरत नाही. तुझ्या वयाच्या खूप लोकांनी हीच परीक्षा दिलेली असते. त्यांच्यात तू कुठे बसतेस ते तक्त्यात बघायचं. एकेका भागात दहा म्हणजे त्या वयाचा मध्य. सगळे भाग मिळून आकडा काढला की शंभर हा मध्य, आणि बहुतेक माणसं त्याच्याच आसपास असतात. गुलाबआत्याच्या वयाचा तक्ता वेगळा, तुझा वेगळा. तू तिच्यापेक्षा कमी आकडे सांगून तिच्याएवढीच, किंवा तिच्या वरसुद्धा असू शकतेस."

देवकाबाई म्हणाली, "म्हंजे मले सूट भेटते."

"सूट नाही गं. न्याय आहे तो. वयानं वेग आणि आकडे मनात धरून ठेवणं कमी होतं. शब्द, माहिती, साठवलेलं असतं ते टिकतं. सत्तरीच्या बाईला पन्नाशीच्या मापानं कशाला मोजायचं?"

"तुया परीक्षेत तो न्याय असन, पोरी. जामच्या मांडवात कोन वय पाह्यते? पुढच्या बाईनं ओळ देल्ली तं देल्ली. नाई देल्ली तं मागच्या बाया काय माहा जन्मदाखला म्हनतीन?"

अंकिता हसली; पण आजी हसत नाही हे बघून थांबली.

वयाची सूट घेऊन पुढे बसणे म्हणजे कोणीतरी कीव करून बसवणे, आणि देवकाबाईला आजवर कोणी कीव करून बसवले नव्हते. तक्त्यात ती गुलाबच्या वर असेलही. त्या विचाराने क्षणभर गोड वाटले. दुसऱ्याच क्षणी त्या गोडीचीच लाज वाटली.

गुरुवारी मंडळाच्या बैठकीला देवकाबाई सर्वांच्या आधी आली आणि मागच्या रांगेत बसली. बाया दारातच थबकल्या.

"मावशी, तिथं काऊन बसल्या? बरं नाई का?" गुलाबने विचारले.

"मले काय धाड भरली? इकडं ये." तिने आनंदाबाईची खंजिरी गुलाबच्या ओटीत ठेवली. "तुया मायची आहे. पुढं बस. अन् रडू नको, गळा बसते."

गुलाब पुढे बसली. आता बाकी होत्या चाली. आनंदाबाईच्या तीन चालींचे अंतरे देवकाबाईने कोणाला शिकवले नव्हते. दोन चालींचे धृपद सगळ्यांना द्यायचे आणि अंतरा आपल्या गळ्यात ठेवायचा, एवढ्यावर तिने आपली जागा राखली होती. तिने पहिला अंतरा म्हटला. गुलाबने एकदा ऐकला आणि तसाच्या तसा परत दिला; वर शेवटच्या वळणावर एक हलकीशी मुरकी घेतली. ती मुरकी आनंदाबाईची होती. इतक्या वर्षांत देवकाबाईच्या गळ्यातून ती कधी निघाली नव्हती.

तिने लगेच पुढची चाल दिली. दुसरी चालही गुलाबने पहिल्याच फेरीत उचलली. बाया माना डोलवू लागल्या.

"झाल्या नं मावशी?" गुलाबने खंजिरी खाली ठेवत विचारले.

हो म्हटले असते तर कोणाला कळले नसते. तिसरी चाल सर्वांत सुरेख होती, मंडळात कधी म्हटलीच गेली नव्हती, आणि आज ती जगात फक्त देवकाबाईला येत होती.

"झाल्या कायच्या? तिसरी राह्यली," देवकाबाई कडाडली. "खंजिरी उचल. अन् ध्यान देऊन आयक, मी दुसऱ्यांदा नाई सांगनार."

ती तिने अंतऱ्यासकट, शेवटच्या ठेक्यापर्यंत दिली. मग गुलाब गाऊ लागली आणि तिच्यामागे टाळ्यांवर ठेका धरणाऱ्यांत सर्वांत जोराची टाळी देवकाबाईची होती. मनात जळत होते, पण आनंदाबाईचे तिच्याकडे आता काहीच उरले नव्हते.