दारापर्यंत सोडणं

मास्तरांनी डाव्या हाताने पापणी वर ताणली, उजव्या बोटावरची लेन्स डोळ्यापर्यंत नेली आणि ऐन वेळी डोळा मिटला. लेन्स मिशीत अडकली.

"काका, डोळा उघडा ठेवायचा," चष्म्याच्या दुकानातली डोळे तपासणारी मुलगी म्हणाली.

"पस्तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांजवळ कात्री नेतोय. मीही हेच सांगतो. आज कळलं, किती फुकटचा सल्ला आहे."

सलूनमध्ये खुर्च्या दोन: एक मास्तरांची, एक त्यांच्या मुलीची. 'मास्तर' ही पदवी गिऱ्हाइकांनी दिलेली, कल्ल्यांसाठी. डावा-उजवा असा सारखा की फूटपट्टीने लाजावं. पन्नाशी उलटली आणि जवळचं धूसर झालं. वाचायचा चष्मा लावला की केस दिसत, पण आरशातलं दार धुक्यात जाई. शिवाय वाकलं की चष्मा गिऱ्हाइकाच्या मांडीवर. त्यात मुलीने दोन वर्षांपूर्वी एक खूळ काढलं होतं. मास्तरांचं गिऱ्हाईक उठलं, की ब्रश घेऊन त्याला दारापर्यंत सोडायचं, मानेवरचे केस झटकून द्यायचे. मास्तर त्याला फाजील लाड म्हणत.

महिन्यापूर्वी एका गिऱ्हाइकाच्या कानामागे रक्ताचा थेंब आला. मुलीने मास्तरांचा वस्तरा उचलून आपल्या खणात ठेवला.

"दिसायला लागलं की घ्या, बाबा."

तो वस्तरा परत मिळवायचा, एवढ्या एका कामासाठी मास्तर तिसऱ्यांदा चष्म्याच्या दुकानातल्या या स्टुलावर बसले होते. पहिली जोडी लांबचं, मधलं, जवळचं सगळं एकदम दाखवणारी होती. सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या अध्यक्षासारखी. काम धड कोणाचंच झालं नाही. आज दुसरी तऱ्हा: उजव्या डोळ्याने लांबचं पाहायचं, डाव्याने जवळचं.

"आणि दोघांचं भांडण झालं तर?"

"होईल आठवडाभर. मग मेंदू काम वाटून देतो. तोवर वस्तरा नको हं, काका."

"तो माझ्याकडे नाहीच."

आठवडाभर भांडण झालं. मास्तरांची जिन्याची पायरी चुकली, चहा कपाशेजारी ओतला गेला, एक लेन्स बेसिनमधून कायमची गेली, नवी आणावी लागली.

"नवरदेवासारखं तासभर आरशापुढे काय करता?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी लेन्स डोळ्याकडे नेली. पापणी धरलेली होती. आठव्या दिवशी दोन्ही लेन्स पहिल्या झटक्यात बसल्या.

त्या सकाळी वकीलसाहेब आले, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. मास्तरांना प्रत्येक केस सुटा दिसत होता. त्यांनी डावा कल्ला कापला, उजवा कापला, मागे सरून आरशात पाहिलं. सारखे.

वकील उठले. मुलगी ब्रश घेऊन मागोमाग गेली. मास्तर चादर झटकत आरशाकडे वळले. दार आज लख्ख दिसत होतं.

उंबऱ्याशी वकील थांबले आणि कोणी न सांगता त्यांनी मान कलती करून डावा कल्ला पुढे केला. मुलीने ॲप्रनच्या खिशातून छोटी कात्री काढली. वाकून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. कात्री खिशात परत गेली.

"झालं, काका."

वकिलांची मान कलतीच. "अगं, आज कात्री नाही?"

"आज नको."

मास्तर चादर झटकत राहिले, तिच्यावर केस उरले नव्हते तरी. दोन वर्षं. मुलाखतीला निघालेले, बोहल्यावर चढायला निघालेले, सगळे याच दारात मान कलती करून गेले होते. आणि एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

मुलगी परत आली. तिने खण उघडला आणि वस्तरा मास्तरांपुढे ठेवला. त्यांच्याकडे पाहिलं नाही.

पुढचं गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलं होतं. मास्तरांनी वस्तऱ्याची धार उजेडात धरली.

"दारापर्यंत सोडणं मात्र बंद करू नकोस," ते आरशातूनच म्हणाले.

"फाजील लाड ना ते?"

"असू देत. लोकांना सवय झालीय."

मुलीने ब्रश खिशात खोचला, कात्रीशेजारी. मास्तरांनी गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी वर केली.