आईनं सांगितलेलं वय

खांडबाऱ्याच्या वाटेवरच्या त्या गावात नवलसिंगानं जुगाराच्या चक्रीचं दुकान थाटलं आणि दारावर पाटी लावली, ‘अठरा वर्षांखालच्यांना मनाई’. पाटी लावली की पाप धुतलं, असं त्याचं मत.

रुखमाबाईचा दिनेश तिथं आईचा चांदीचा कमरपट्टा हरला आणि लाजेनं सुरतेची गाडी धरून पळाला. पोर पंधरा होळ्यांचं. पण शाळेत घालताना गुरुजींनी तीन वर्षं वाढवून एक जून ही तारीख ठोकून दिली होती. अर्ध्या गावाचा जन्म त्यांनी असाच एका दिवशी उरकला होता.

रुखमाबाई जाब विचारायला गेली, तर नवलसिंगानं मोबाईलवर दिनेशच्या आधार कार्डाचा फोटो दाखवला. “अठरा पुरा शेतस. कायदामा तुन्हा पोऱ्या मोठा व्हयना.”

“त्याले जन्म मी दिधा का तुन्हा कायदानी?”

तो हसला. त्या हसण्यानं तिच्या अंगाची लाही लाही झाली. याला गावासमोर खाली बघायला लावल्याशिवाय यंदा होळीत नाचायचं नाही, असं तिनं ठरवलं.

ग्रामसभेत तिनंच विषय मांडला, वय एकवीस करा. खेळणारा असो की खेळवणारा. नवलसिंगानं हसत सगळ्यांत आधी हात वर केला. कार्डावरचं वय काय, वाढवता येतं!

“आणखी एक लिहा,” रुखमाबाई म्हणाली. “कागद चालणार नाही. वय आईनं सांगायचं.”

“असं कसं लिहू, बाई?” ग्रामसेवक गोंधळले.

“पेनानं लिहा, साहेब.”

सगळ्या बायांचे हात वर गेले. ठराव झाला.

बाजाराच्या दिवशी बाया दुकानाच्या दारात ठाण मांडून बसल्या. मिशीवाला वाहरू आला. त्याची आई म्हणाली, “सोळा.” वाहरू मुकाट परत फिरला. मग किल्ली फिरवत नवलसिंग आला आणि जागीच थबकला. बायांमध्ये त्याची आई गजराबाई बसली होती. तिच्या पायातले चांदीचे वाळे विकूनच त्यानं ती चक्री आणली होती.

“गजराबाई, हाऊ कितला वरीसना शे?” रुखमाबाईनं विचारलं.

गजराबाईनं चाळिशीच्या लेकाकडे शांतपणे पाहिलं. “याले अजून अक्कल उनी नही. बारानाच शे.”

सगळा बाजार हसला. नवलसिंगाची मान खाली गेली. रुखमाबाईनं त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.

“एकवीसना व्हयना की ये. येतांना मायले संगे लई ये.”

दिनेश अजून आलेला नाही. किल्ली तिनं कमरेला बांधली आहे, कमरपट्टा असायचा तिथं.