बोट वर, बोट खाली

क्रेनवाला पलंगावर पडून सगळं ऐकत होता आणि त्याची बायको त्याच्याबद्दल 'होता' म्हणून बोलत होती.

"चहात साखर जास्त लागायची त्याला," ती दिराला सांगत होती. लागायची! अगं बाई, अजून लागते, असं त्याला ओरडावंसं वाटलं. पण तोंड ताब्यात नव्हतं. हात नाही, पाय नाही, साधं गिळणंही नाही. श्वाससुद्धा यंत्रच घेत होतं.

डॉक्टरांनी त्याच्या उशाशीच सगळं समजावलं होतं. मेंदूचा देठ म्हणजे अंगठ्याएवढा भाग, पण मेंदूचे सगळे हुकूम तिथूनच अंगात उतरतात. तिथलीच रक्तवाहिनी तुंबली. "डावीकडे बघा. आता उजवीकडे." त्यानं जिवाच्या आकांतानं जोर लावला. बुबुळं तसूभर सरकली नाहीत. यांना काही कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"मग काढा ते यंत्र," बायको म्हणाली. "सुटू दे त्याला."

संध्याकाळी काढायचं ठरलं. भीतीनं अंगावर काटा यायला हवा होता, पण अंगाला खबरच नव्हती.

धाकटा भाऊ निरोप घ्यायला पुढे आला. कामावर हा खाली उभा राहून खुणा करायचा आणि क्रेनवाला वर केबिनमध्ये बसून ओझं हलवायचा. एवढ्या उंचीवर आवाज पोचत नाही, म्हणून दोघांचं बोलणं बोटांवरच चालायचं. आताही भावाला शब्द सुचेनात. काम संपल्यावर रोज करायचा तीच खूण त्यानं केली. बोट वर. हुक वर घे, झालं आजचं.

क्रेनवाल्याचे डोळे वर गेले.

भाऊ दचकला. त्यानं बोट खाली केलं. डोळे खाली आले.

"वहिनी!" तो किंचाळला. "दादा आत आहे!"

डॉक्टर धावत आले आणि ओशाळले. आडवी नजर गेली होती, उभी शाबूत होती. यंत्र काढणं अर्थातच रद्द झालं. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही, असं ठरवून मंडळी बाहेर गेली.

बायको एकटी जवळ आली. चेहरा पांढराफटक.

"मी यंत्राचं बोलले, ते ऐकलंस?"

इतक्या दिवसांनी बोलायची सोय झाली होती आणि पहिलाच प्रश्न हा. त्याला तिची फार दया आली. त्यानं नजर खाली नेली.

तिनं वाकून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग रडता रडताच त्याच्या कपाळावर टपली मारून म्हणाली, "मेल्या, खोटं बोलतोस?"

नजर हळूच वर गेली.