पहिलं घर धाकटीचं

लव्हॉनला घर मिळालं हे ओडेसाच्या घशाखाली उतरत नव्हतं. जिला कुंडीतलं साधं रोप जगवता आलं नाही, त्या धाकट्या बहिणीच्या घराचं डाऊन पेमेंट मेंफिस शहराच्या योजनेतून भरलं जावं? वर पाच वर्षं तिथे राहिली की सगळं माफ! रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी लव्हॉनला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. ओडेसानेही वाजवल्या, पण सगळ्यांच्या शेवटी.

तिनेही मग योजनेसाठी लागणारा, चर्चच्या हॉलमधला घर घेणाऱ्यांचा शनिवारचा वर्ग पुरा केला. लव्हॉनच्याच गल्लीत, एक खोली जास्त असलेलं घर हेरलं. ते घर आता तिला हवंच होतं, आणि मदतीशिवाय ते होणार नव्हतं.

योजनेच्या कचेरीतले प्रुइट साहेब मान हलवत म्हणाले, "बाई, तुम्हाला नाही मिळायचं. तुमच्या नावावर घर आहे."

"माझ्या? मी आईकडे राहते हो."

"तेच घर. दोन वर्षांपूर्वी आईबरोबर तुमचं नाव लागलंय. ही मदत पहिलं घर घेणाऱ्यांना."

ओडेसाला आता आठवलं. आई हॉस्पिटलातून आली तेव्हा, आपल्यामागे मुलींना कोर्टात खेटे नकोत म्हणून, दोघी मुलींची नावं घरावर घालणार होती. ओडेसानेच आईचे कान भरले होते. लव्हॉन उधळी आहे, विकून खाईल, म्हणून.

घरी आली तर दोघी मायलेकी पीच घालून भाजलेला गोड कॉबलर खात बसलेल्या.

"काय झालं गं?" लव्हॉनने विचारलं.

"नाही मिळत. या घरावर माझं नाव आहे ना."

"अगं, मग मला बरं मिळालं?"

आईने चमचा खाली ठेवला. "तुझंही घालणार होते मी. हिनं घालू दिलं नाही."

आता लव्हॉन तोंड सोडणार, म्हणून ओडेसा तयारीत उभी राहिली. पण लव्हॉन उठून तिच्या गळ्यात पडली.

"म्हणजे माझं घर तुझ्यामुळे झालं की गं. आणि मला पत्ताच नाही."

टोमणा असता तर ओडेसाने परतवला असता. पण लव्हॉन मनापासून बोलत होती.